मागच्या सीटमागची टाकी

शिरूर,
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादा,

जय भीम. पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. वहिनींच्या फोनवर सांगायचं तर त्या तुमच्या कानाशी ओरडणार, तुम्ही 'काय म्हणती?' विचारत राहणार, आणि माझ्या घरातलं भांडण तुमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होणार. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून आपलं पोस्टच बरं.

तुमच्या लाडक्या भाच्याची तक्रार आहे. रांजणगावच्या कंपनीनं सम्राटला पुन्हा ब्रेक दिलाय. काही महिने काम, मग घरी बसायचं, मग नवा करार. नुसता झोपून राहिला असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण त्यानं ह्यांच्या जुन्या ओम्नीला हात घातलाय. ह्यांच्या माघारी ती गाडी मी विकली नाही, ती त्याच्याचसाठी. आता माल भरून नदीकडून वर येताना ती चढाला दम टाकते आणि मागचे हॉर्न वाजवतात, हे साहेबांच्या मनाला लागलंय. इंजिनाला जास्त हवा मिळाली की ते जास्त ओढतं म्हणे. मोठ्या गाड्यांना त्यासाठी टर्बो असतो, तो आपल्याला परवडायचा नाही. म्हणून हा टाकीत हवा दाबून भरणार आणि चढ आला की बटण दाबून ती इंजिनात सोडणार. टाकी भंगारातून आणलीय, कुठल्याशा ट्रकच्या ब्रेकची. ती मागच्या सीटच्या मागं बसवायचीय.

मी विचारलं, फुटली तर? तर म्हणतो, "आई, पट्टा तुटंल म्हणून तू गिरणी बंद ठिवलीस का कवा?"

दादा, मला फार भीती वाटते. एकच लेकरू आहे माझं. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही रेल्वेच्या शेडमध्ये जन्मभर हवेच्या ब्रेकचंच काम केलंत. त्याला नको म्हणून कळवा. दोन ओळी पुरेत.

तुमची,
ललिता


दौंड,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. ललिता,

जय भीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना आधी हसलो, मग हसू गेलं.

पोराचं डोकं चालतंय हे तू पहिलं कबूल कर. हवा साठवायची आणि तिच्याकडून काम करून घ्यायचं, हेच आम्ही पोटासाठी केलं. अख्खी मालगाडी हवेच्या जोरावर उभी राहते. त्यामुळं कल्पना वेडी नाही. टाकी वेडी असू शकते. हवेबरोबर पाणी आत जातं, तळाशी बसतं आणि लोखंडाला आतून खातं. वरून रंग कोराच दिसतो. असली टाकी फुटली की पत्रा कापत जातो, मग शेजारी कोण बसलंय हे तो बघत नाही.

शेडमध्ये आम्ही टाकी हातोडीनं ठोकून बघायचो. चांगली असली की घंटेसारखी वाजत राहते, कुजलेली असली की थप्प करून गप्प बसते. पास झाली की खडूनं त्यावर ओके लिहायचं. त्याला टाकी घेऊन इकडं पाठव. नको मी म्हणेनच, पण टाकी समोर ठेवून म्हणेन म्हणजे त्याला पटेल. पत्रातलं 'नको' तो घडी करून खिशात घालेल. तुझंच रक्त आहे ते.

काळजी सोड. गिरणीत पदर सांभाळून उभी राहत जा.

तुझा दादा,
खंडू


शिरूर,
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादा,

जय भीम. सम्राट काल दौंडहून आला. टाकी चादरीत गुंडाळलेली होती. एसटीत कंडक्टरनं तिचं वेगळं तिकीट मागितलं म्हणे, तरी याचा चेहरा फुललेला. चादर सोडली तर वर खडूनं ओके आणि खाली तुमची सही.

मी नकार मागितला होता दादा, तुम्ही तर शाबासकी देऊन पाठवलंत.

मी त्याला खोदून विचारलं, मामांनी नक्की काय केलं? म्हणाला, "डोळं मिटून चारी बाजूंनी ठोकली. मग लई वेळ गप बसलं. मग खडू मागितला." मी विचारलं, तुला आवाज कसा वाटला? तर म्हणे, "मला काय कळतंय त्यातलं? मामा हायेत न्हवं."

आता एक विचारते, रागवायचं तर रागवा. तुमच्या खिडकीखालून इंजिन भोंगा देत जातं आणि तुम्ही मान वर करत नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपते, तुम्ही कुकरशेजारी पेपर वाचत असता. वहिनी हाका मारून थकल्या की खांद्याला हात लावतात. आणि त्या टाकीची घंटा तुम्हाला ऐकू आली?

आपल्या घरात हे कुणी तोंडानं म्हणत नाही. सगळे तुमच्यासमोर येऊन हळू हळू बोलतात, तुम्ही मान डोलावता, आणि चाललंय. मीही आजवर तेच केलं. पण आता माझ्या पोराच्या पाठीमागं ती टाकी बसणार आहे.

तुमची,
ललिता


दौंड,
३ डिसेंबर २०२४

ललिता,

तुझं पत्र मिळालं. वाचून ठेवून दिलं होतं, उत्तर द्यायचं नव्हतं. करुणा म्हणाली द्या, म्हणून देतोय.

माणसांचं बोलणं मला ऐकू येत नाही, हे गावाला ठाऊक आहे. त्यात लपवण्यासारखं काय? कॉम्प्रेसरजवळ जन्म काढला, कान तिथंच ठेवून आलो. पण लोखंडाचं मला ऐकू येतं. ते हातोडीच्या दांड्यातून मनगटात येतं. आणि हवा सुटल्याचा आवाज तर मला झोपेतसुद्धा कळेल. तो कानात बसलेला आहे, जायचा नाही.

रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. भाजी कुठली आणू एवढंही नाही. विचारून उत्तर मिळेपर्यंत लोकांना दम निघत नाही, त्यांचाही दोष नाही. हा पोरगा एवढं धूड उचलून न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं आला, समोर बसला आणि माझ्या हातात हातोडी देऊन म्हणाला, मामा, तुम्हीच बघा. नको हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, तुला खोटं सांगत नाही. पण मी ठोकली आणि ती चांगली वाजली. चांगल्या टाकीला मी वाईट कसं म्हणू?

परवा दादरला निघायचंय. चैत्यभूमीवरून आलो की मन शांत होईल. पण तुझं पत्र लागलं मला.

खंडू


शिरूर,
९ डिसेंबर २०२४

आदरणीय दादा,

जय भीम. माझं चुकलं. कुकरचं लिहायला नको होतं. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून शेडच्या गेटपर्यंत न्यायचात, ते आठवलं आणि दिवसभर दळणात लक्ष लागलं नाही. गव्हात ज्वारी गेली एकीची.

पण भीती गेली नाही, ती कशी जाईल?

मी सम्राटला म्हटलं, टाकी कंपनीतल्या मित्राकडं ने. तिथं पाणी भरून दाब देऊन तपासतात, खराब असली तर नुसतं पाणी पाझरतं, कुणाला इजा होत नाही. तर म्हणाला, "मामांनी पास केल्याली टाकी दुसऱ्याला दावू? त्यांना कळलं तर काय वाटंल?" मी म्हटलं, तुला स्वतःला काय वाटतं ते सांग. बराच वेळ पाना पुसत बसला. मग म्हणाला, "शंका येती आई. पन आता कसं करू? हातोडी मीच दिली त्यांच्या हातात."

म्हणजे तुमचं मन मोडू नये म्हणून तो थांबत नाही आणि त्याचं मोडू नये म्हणून तुम्ही. मधे मी. बाविसाव्या तारखेला, रविवारी, नदीच्या चढावर पहिली चाचणी करायची ठरवलीय त्यानं. दादा, एवढंच लिहा की दुसरीकडं एकदा तपासून घे. तुमच्या शब्दावर तो लगेच नेईल. मी पाया पडते तुमच्या.

तुमची,
ललिता


दौंड,
१४ डिसेंबर २०२४

चि. ललिता,

जय भीम. पाया वगैरे पडू नकोस. राग गेला माझा.

दुसरीकडं तपासून घे असं मीच लिहिलं, तर माझ्या खडूला काय अर्थ राहिला? उद्या पोरगा म्हणेल, मामाचाच मामावर भरवसा नाही. ते माझ्याकडून व्हायचं नाही.

पण शेडमध्ये आमची एक रीत होती, कुठल्या कागदावर नव्हती. ज्यानं खडू मारला, त्यानं चाचणीला गाडीत बसायचं. साहेब बसो न बसो, फिटर बसायचा. मी तापात बसलोय, करुणा बाळंत झाली त्या दिवशी बसलोय. त्यामुळं खडू मारताना हात आपोआप जपून चालायचा.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. मागच्या सीटवर टाकीला पाठ लावून बसेन. तुझ्या पोराला काही व्हायचं असेल तर ते आधी माझ्यातून जाईल. याहून जास्त भावाच्या हातात काय आहे सांग.

जेवायला वांग्याचं भरीत कर.

तुझा दादा,
खंडू


दौंड,
२६ डिसेंबर २०२४

चि. ललिता,

जय भीम, जय भीम. सुखरूप पोचलो. आल्यापासून करुणाला तेच तेच सांगतोय, ती आता हात जोडते.

काय ओढलं गं गाडीनं. पोरानं सुरुवातीला उगाच वेळ काढला, स्टिअरिंग धरून बसला नुसता, खाली काय उतरला, मागं काय गेला. पहिल्या चाचणीला माणूस असाच घाबरतो. पण एकदा निघाली ती निघाली. चढाला लागलो तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यानं बटण दाबलं. हवा सुटल्याचा आवाज मला स्वच्छ आला. पाठीत धक्का बसला आणि गाडी वर. मी त्याच्या पाठीवर थाप मारली तर त्याच्या डोळ्यांत पाणी. तूही पदर लावलास डोळ्यांना, मी पाहिलं.

माझे शेडमधले जोडीदार गेणबा आणि म्हस्कू, त्यांना सांगितलं. गेणबा कागदावर लिहून विचारतो, तुला कधीपासून ऐकू यायला लागलं? मी म्हटलं, चल, तुला बसवूनच दाखवतो. एकोणीस जानेवारीला, रविवारी, आम्ही सगळे येतोय. सम्राटला सांग, टाकी पूर्ण भरून ठेव, मागच्यापेक्षा जास्त. आणि माझा खडू पुसू देऊ नकोस म्हणावं, गेणबाला दाखवायचाय.

बरेच दिवसांनी गाढ झोप लागली.

तुझा दादा,
खंडू


शिरूर,
४ जानेवारी २०२५

प्रिय करुणावहिनी,

जय भीम. हे पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण दादांच्या हातात पडायला नको. फोनवर मला रडू येईल आणि दादा शेजारून विचारत राहतील.

वहिनी, त्या रविवारी टाकीत हवा नव्हती.

सकाळी सम्राटनं ती गच्च भरून ठेवली होती. दादा आले, भरीत-भाकरी खाल्ली, आणि मागं जाऊन टाकीला पाठ लावून बसले. सगळी आळी बघायला जमलेली. सम्राट स्टिअरिंगवर बसला आणि त्याचा हात किल्लीकडं जाईना. आरशात मागं मामा दिसत होते ना. तोंड वळवून म्हणाला, "मामा, तुम्ही उतरा. म्या एकटा जाऊन येतो." दादांनी मान हलवली, टाकीवर तळवा थोपटला आणि म्हणाले, "चल की."

तो उतरून माझ्याकडं आला. "आई, मामांना उतरव." मी खुणा केल्या, हात धरला. दादा हसले. मग तो मागं गेला, डिकी उघडली आणि टाकीचा कॉक पूर्ण सोडून दिला.

ती हवा अशी किंचाळली, वहिनी, की समोरच्या तुळजाबाईंचं नातवंड भेदरून रडायला लागलं. मी कानांवर हात दाबले. दादांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर चाललं होतं ते. आणि दादा गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसले होते, गाडी कधी सुटते याची वाट बघत. टाकी थरथरत होती, ते तेवढं त्यांना पाठीला जाणवलं असावं. म्हणाले, "झाली न्हवं चालू? मग चल की."

तुळजाबाईंनी नातवाला उचललं आणि आत गेल्या. सम्राटनं डिकी लावली, किल्ली फिरवली. चढावर त्यानं रिकाम्या टाकीचं बटण दाबलं आणि जुन्या इंजिनाचा जीव काढत कशीबशी गाडी वर नेली. दादांनी थाप मारली तेव्हा तो त्यासाठी रडत होता. मीही.

दादा गेल्यावर त्यानं टाकी काढून अंगणात टाकली. म्हणाला, "झालं माझं. परत न्हाई." मला वाटलं, सुटलो एकदाचे. आणि मग दादांचं पत्र आलं.

त्यानं ते उभ्याउभ्या वाचलं. गेणबामामा आणि म्हस्कूमामांचे कान शाबूत आहेत. टाकी रिकामी असली तर त्यांना लगेच कळेल आणि दादांचं हसं होईल. नवी टाकी घालावी तर तिच्यावर दादांचा खडू नाही. शेवटी गुपचूप ती जुनीच मित्राकडं नेली, पाणी भरून दाब दिला, तर तळाच्या जोडाला पाझर. मित्र म्हणाला, भंगारात टाक. यानं तिथं वेल्डिंग मारून आणली. वरच्या खडूला धक्का लागू दिला नाही. परवा ती पुन्हा सीटच्या मागं बसवली.

मी त्याच्यापुढं हात जोडले. म्हणाला, "मग तू सांग मामांना. म्या न्हाई सांगू शकत." मी लिहायला बसते आणि 'आदरणीय दादा' याच्या पुढं पेन जात नाही. माणसांचं गेलं तरी लोखंडाचं आणि हवेचं ऐकू येतं, एवढ्यावर उभा आहे तो माणूस. ते कसं काढून घेऊ?

पण कुणीतरी खरं सांगितलं की सगळं थांबतं. तुम्ही त्यांच्याबरोबर राहता. तुम्ही सांगा वहिनी. माझं पोर वाचवा.

तुमची,
ललिता


दौंड,
११ जानेवारी २०२५

प्रिय ललिता,

जय भीम. पत्र शाळेत मिळालं. पोरांची खिचडी उतरवली आणि चुलीपाशीच वाचलं. बाकीच्या बायांनी विचारलं डोळे का लाल, म्हटलं धूर.

तुझ्या दादांचं काय गेलंय आणि काय राहिलंय ते मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. पहाटे विचारतात, गाडी गेली का गं? मी म्हणते, गेली. ते म्हणतात, हां, ऐकली मी. कधी कधी गाडी गेलेलीच नसते. या घरात असंच चालतं.

तरी मी सांगायचं ठरवून घरी गेले. ते इस्त्री करत बसले होते, शेडचा निळा शर्ट. रविवारी घालायला. मी समोर जाऊन बसले. तोंड उघडणार तर तेच म्हणाले, "करुणा, सगळंच गेलं असं वाटायचं बघ मला. पर येवढं येक ऱ्हायलं." आणि हसले, लग्न झाल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी हसले होते तसे. मी म्हटलं, चहा ठेवू का. त्यांना तेही ऐकू आलं नाही.

मला जमलं नाही ललिता. माझ्यावर चिडू नकोस. चिडलीस तरी बरोबर आहे.

म्हस्कूच्या घरी आजारपण आहे, तो येणार नाही. आम्ही एकोणीस तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं निघतो. गेणबाभाऊजी पुढं बसतील, हे मागं टाकीपाशी. मला म्हणाले, तूबी चल, माझ्याशेजारी जागा हाय. मी हो म्हटलंय. हे तिथं बसणार असतील तर मी रस्त्यावर उभी राहून काय करू?

सम्राटला एवढंच सांग की मागच्या सीटवर त्याची मामीपण असेल. बाकी त्याचं त्यानं ठरवावं.

तुझी वहिनी,
करुणा